आईची गाळलेली ओळ

आमच्याकडे संध्याकाळची उपासना जेवणाच्या आधी असायची. भाकरी टोपल्यात झाकलेल्या, कालवण चुलीच्या वैलावर, आणि आम्ही सगळे ओट्यावर. आजोबा मिशनच्या शाळेतले निवृत्त मास्तर. ते शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा वाचायचे, मग एखादं भजन, बहुतेकदा कवी नारायण वामन टिळकांचं, त्याला अण्णाकाकांची पेटी आणि दादांचे, म्हणजे माझ्या वडिलांचे, टाळ. शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. माझं लक्ष टोपल्याकडे. त्यामुळे त्या अख्ख्या प्रार्थनेतली 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' ही एकच ओळ मला मनापासून पटायची. स्वर्ग, राज्य, इच्छा हे सगळं मोठ्या माणसांचं. भाकर म्हणजे मात्र भाकर, तीही बाजरीची. ज्यांनी कुणी ती ओळ मराठीत आणताना दुसरा कुठला शब्द न घेता भाकर घेतली, त्यांचे राहुरीकडच्या आम्हा पोरांवर उपकार आहेत.

आजोबा गेल्यावर त्या ओळीनंतर आई गप्प व्हायला लागली.

हे घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं की नाही, मला सांगता येणार नाही. मला कळलं, कारण मी तिच्या पाठीला कान लावून बसायचे. बोलणाऱ्या माणसाच्या पाठीतून आवाज घुमतो, पाण्याच्या रांजणात बोलल्यासारखा. 'भाकर आज आम्हांला दे' पर्यंत ती पाठ घुमायची आणि मग एकदम शांत. बाकीचे पुढे म्हणत असायचे, 'आणि जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.' मग 'आम्हांस परीक्षेत आणू नको'ला पाठ पुन्हा घुमायला लागायची. मला वाटायचं, आईला तेवढी ओळ पाठ नसावी. मी तिला ती शिकवायलाही गेले होते एकदा. तिने माझ्या हातात लसूण सोलायला दिला.

ते ऋण म्हणजे साडेतीन तोळ्यांच्या पाटल्या.

1993 साली विहिरीचं पाणी खाली गेलं. विहीर सामाईक, आजोबांच्या नावावरची जमीनही सामाईक, सव्वाचार एकर. अण्णाकाकांनी बोअर घ्यायचं ठरवलं. पैसे कमी पडत होते. आईच्या पाटल्या तिच्या वडिलांनी दिलेल्या. ते मिशनच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते आणि त्यांनी पगारातून साठवून साठवून एकुलत्या मुलीला तेवढंच दिलं होतं. अण्णाकाकांनी त्या मागितल्या, सुगीला सोडवून आणतो म्हणाले, आईने काढून दिल्या. बोअरला दोनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. सुगी आली आणि गेली. सावकाराकडच्या पाटल्या तिथेच मोडल्या गेल्या.

इथपर्यंत आई गप्प झाली नव्हती. हे ती स्वतः सांगते. शेतकऱ्याच्या घरात बोअर कोरडं जाणं म्हणजे काही गुन्हा नव्हे. पण 1996 ला आजोबा गेले आणि वाटणी झाली. पंच बसले, मोजणीच्या खुणा झाल्या, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्या, आणि सह्या करायच्या आधी पंचांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, कुणाचं कुणाकडे काही येणं-देणं? अण्णाकाका म्हणाले, "कुणाचं कुणाकडं काही येणं नाही." दादा खाली बघत राहिले. त्यांनी सही केली. आई दाराआड उभी होती.

दादा फार गरीब स्वभावाचे. भाऊबंदकीत आमच्या गावात बांध कोरण्यापासून डोकी फोडण्यापर्यंत सगळं व्हायचं, आणि आपल्या घरात ते नको, आपण ख्रिस्ताची माणसं, लोक बघतात, हे त्यांचं म्हणणं. रात्री ते आईला म्हणाले, "जाऊ दे गं." आई म्हणाली, "जाऊ द्यायला आधी माझ्या हातात तर यायला पाहिजे. ते म्हणतात नव्हतंच काही. जे नव्हतं ते सोडू कसं?"

मी तेव्हा बारा वर्षांची होते, अंथरुणात जागी. आज एकेचाळिसाव्या वर्षी मला वाटतं, क्षमेवर मी ऐकलेल्या सगळ्या उपदेशांपेक्षा हे वाक्य शास्त्राच्या जास्त जवळ आहे. पण तेव्हा मला आईचा रागच आला होता. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी देवळात प्रभूभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीचा विधी, असायचा आणि भाकर-प्याला फिरायला लागला की आई मान खाली घालून बसून राहायची. घेत नसे. मंडळीत, म्हणजे देवळातल्या आमच्या लोकांत, कुजबुज. संडे स्कूलमध्ये मला एका मुलीने विचारलंही, तुझ्या आईने काय पाप केलंय? दोन्ही घरं देवळात एकाच बाजूला बसायची, पण आमच्या लोकांत जो सलाम घालायची पद्धत आहे, तो त्या दोन घरांत तोंडदेखलाच उरला होता. अण्णाकाका हात छातीपर्यंत न्यायचे, आई पदर सारखा करायची. झालं.

मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, एकदा समजवायला आले. नाव सांगत नाही; माणूस चांगला होता, पुढे दुसरीकडे बदली झाली. ते म्हणाले, बाई, सत्तर वेळा सात वेळा क्षमा करायला सांगितलंय. आईने त्यांना चहा दिला आणि आजोबांचं शास्त्र उघडून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, पाचवा अध्याय पुढे ठेवला. तू वेदीपाशी दान आणलंस आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. "पाळकसाहेब," आई म्हणाली, "यात उठून कुणी जायचंय? ज्याच्याविरुद्ध काही आहे त्यानं. मी का तो?" पाळकसाहेबांनी तो उतारा दोनदा वाचला. चहा गार झाला. आई सातवी शिकलेली.

तिथे ती जिंकली, पण जिंकून बसणं तिला जमलं नाही, कारण शास्त्र ती सोयीपुरतं वाचणारी नव्हती. त्याच शुभवर्तमानात अठरावा अध्याय आहे. भावाने तुझा अपराध केला तर तू जा, एकांतात त्याला त्याचा दोष सांग. ऐकलं नाही तर एक-दोन जण सोबत ने. तरी ऐकलं नाही तर मंडळीला सांग. म्हणजे पाचव्या अध्यायात देणेकऱ्याने उठायचं आणि अठराव्यात येणेकऱ्याने. दोघेही उठून निघाले तर वाटेत कुठेतरी गाठ पडावी, असा काहीसा त्या लिहिणाऱ्याचा हिशोब असणार. आमच्याकडे दोघेही बसून होते, आठ वर्षं.

या ऋण शब्दावर जरा थांबते, कारण माझा जीव त्यात अडकलेला आहे. मत्तयाच्या प्रार्थनेत ऋण आहे. लूकच्या शुभवर्तमानात अकराव्या अध्यायात तीच प्रार्थना येते तेव्हा तिथे पाप आहे. मला वाटायचं, लूकचं जास्त धार्मिक आणि मत्तयाचं जरा व्यापारी. मग कळलं की येशू ज्या अरामी भाषेत बोलायचा तिच्यात कर्जाला आणि पापाला एकच शब्द होता. याचं नवल ग्रीक माणसाला वाटत असेल, आपल्याला कशाला वाटावं? 'कुठे फेडशील हे पाप?' असं आपल्याकडे कुणीही कुणालाही विचारतं. मराठीत पाप फेडायचं असतं, उपकार फेडायचे असतात, नवस फेडायचा असतो, आईबापांचे पांग फेडायचे असतात. आपलं सगळं कुटुंबच खातेवहीसारखं चालतं, कुणी किती केलं आणि कुणी किती ठेवून घेतलं. तोंडाने आपण म्हणतो, घरच्यात कसला हिशोब. आणि आतल्या आत पै-पैचा हिशोब पक्का असतो, लग्नातल्या आहेरापासून दवाखान्यात कोण किती रात्री बसलं इथपर्यंत.

त्या अठराव्या अध्यायातच दृष्टांत आहे. राजाने एका चाकराला दहा हजार तालांताचं, म्हणजे जन्मात न फिटणारं, कर्ज सोडलं, आणि त्या चाकराने बाहेर पडून शंभर दीनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. यावरचे उपदेश मी असंख्य ऐकले आणि प्रत्येकात शंभर दीनार म्हणजे चिल्लर असं ऐकलं. चिल्लर नाही. त्याच मत्तयात विसाव्या अध्यायात मळ्यातल्या मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार आहे. म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. आमच्याकडच्या मजूर बाईला विचारा, शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर काय होतं. दहा हजार तालांतांपुढे ती काहीच नाही हे खरं. पण ती काहीच नाही असं येशू म्हणत नाही. तो तिचा आकडा सांगतो. आकडा सांगूनच सोडायला लावतो.

आणि इथे एक गोष्ट बजावून सांगावीशी वाटते, जरा वाट सोडून का होईना. आमच्या मंडळ्यांमध्ये क्षमेचा उपदेश बहुतेक वेळा ज्याचं गेलंय त्यालाच केला जातो, आणि त्यातही बायकांना. माझ्या ओळखीतली एक मुलगी, नवरा हात उचलायचा. तिला वडीलधाऱ्यांनी सांगितलं, प्रभूनेही सोसलं, तूही सोस. ती सोसत राहिली आणि एकदा तिचं मनगट मोडलं. त्या वडीलधाऱ्यांनी अठरावा अध्याय पुढे वाचला असता तर त्यात हेही दिसलं असतं की जो कुणाचंच ऐकत नाही त्याला परका समज. अंतर ठेवायची मुभा खुद्द प्रभूने दिलेली आहे. सोडणं म्हणजे पुन्हा त्याच हाताखाली जाऊन उभं राहणं नव्हे. ती मुलगी आता माहेरी आहे, शिवणकाम करते, आणि देवळात पहिल्या बाकावर बसते. मला ते फार आवडतं.

ख्रिस्ती घर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे नाताळच्या शुभेच्छापत्रावरचं कुटुंब येतं. आमच्या आजोबांच्या डोळ्यांपुढे टिळकांचं घर होतं. नारायण वामन टिळक 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेऊन मोकळे झाले आणि लक्ष्मीबाई मागे राहिल्या. नवरा असून नसल्यासारखा, लोकांची बोलणी, लहान मूल. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या नगरला आल्या, आणि 1900 मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, तो नवऱ्याच्या शब्दाखातर नव्हे, स्वतःला पटल्यावर. टिळकांचा तापटपणा, उधळेपणा, ऐनवेळी घरातून नाहीसं होणं, सगळं लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणींत नावानिशी आणि हसत हसत मांडलंय. आजोबा म्हणायचे, बाईने नवऱ्याचं एकही देणं लपवलं नाही. आणि टिळक 1919 मध्ये गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्राचं महाकाव्य अर्धवट राहिलं होतं, ते पुरं केलं याच बाईंनी, ज्यांना लग्न झालं तेव्हा धड लिहितावाचता येत नव्हतं. मला या जोडप्याची गोष्ट सांगताना कुणी 'आदर्श' म्हटलं की राग येतो. ती दोघं आदर्श नव्हती, म्हणून तर आमच्या आजोबांना त्यांचा उपयोग व्हायचा.

तर, विहीर.

दोन्ही घरांत बोलणं तुटलं तरी एक गोष्ट तुटली नव्हती, नाताळचं ताट. चोवीस तारखेला संध्याकाळी काकू फराळाचं ताट धाडायची. करंज्या, चकल्या, अनारसे, वर क्रोशाचा रुमाल. ताट रिकामं परत द्यायचं नसतं. आई त्यात आपल्या करंज्या भरून पाठवायची. म्हणजे दर वर्षी कुणीतरी कुणाचंतरी देणं लागतच होतं, आणि ते वेळेवर फिटतही होतं. आशा म्हणतात ती काय चीज आहे हे मला कुणी विचारलं तर मला ते पितळी ताटच आठवतं. त्याची कड एका बाजूला चेपलेली होती. आमचं की त्यांचं, हे आता कुणालाच माहीत नाही.

2004 चा नाताळ झाला आणि जानेवारीत एका पहाटे आई उठून विहिरीवर गेली. पाळी अण्णाकाकांची होती, ते एकटे मोटर लावून बसलेले असणार हे तिला ठाऊक होतं. दादांना सांगितलं नाही. काय बोलली ते मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, आणि ते दोनच वाक्यांत. "मी म्हणले, पाटल्या नकोत मला, त्या गेल्या. तुम्ही घेतल्या होत्या एवढं म्हणा." अण्णाकाका काही म्हणाले नाहीत. वाफ्यातून पाणी फुटलं होतं ते वळवायला उठून गेले. आई परत आली आणि भाकऱ्या थापायला बसली.

आठ दिवसांनी काकू आली. हातात शाळेची जुनी दोनशेपानी वही, पुठ्ठ्याला खाकी कागद लावलेला. आत अण्णाकाकांचं बारीक, तिरकं अक्षर. खतं, बियाणं, सोसायटीचे हप्ते, मुलांच्या फिया. मधल्या एका पानावर 1993 च्या तारखेखाली एकटीच ओळ, "धाकट्याच्या घरच्या पाटल्या, साडेतीन तोळे." आणि त्याखाली, पुढच्या प्रत्येक वर्षी, वर्षाचा आकडा घालून तीच ओळ पुन्हा. पंचांपुढे बोलले त्या 1996 सालीसुद्धा. अकरा वर्षांत बारा ओळी. शेवटची शाई ताजी होती.

त्यांना ते फेडता येत नव्हतं आणि बोलताही येत नव्हतं. सोन्याचा भाव दर वर्षी वर चाललेला. माणूस देवळात पेटी वाजवायचा, सगळ्यांबरोबर ती ओळ मोठ्याने म्हणायचा, आणि घरी येऊन वहीत लिहायचा. आईने वही वाचली. काकू पदराने डोळे पुसत होती, आई पुसत नव्हती. वही मिटून तिने काकूच्या हातात दिली आणि म्हणाली, "त्यांच्याकडंच राहू द्या. आता लिहू नका म्हणावं." मग म्हणाली, "चहा टाकते."

मला वाटलं, त्या रात्री आईची पाठ घुमेल. मी तेव्हा वीस वर्षांची, पुण्याला होस्टेलवर राहून बी.कॉम. करत होते, संक्रांतीच्या सुट्टीला आलेली. एवढ्या मोठ्या मुलीने आईच्या पाठीला कान लावायचा म्हणजे जरा अवघडच, पण मी बसले जवळ. भाकर आज आम्हांला दे. आणि शांतता. त्या रात्री नाही, दुसऱ्या रात्रीही नाही. मी पुण्याला परत आले. मार्चमध्ये गेले तेव्हा तिच्या तोंडून ती ओळ ऐकली. पण ती चुकत होती. सगळे म्हणाले, 'ऋण सोडले आहे.' आई म्हणाली, 'ऋण सोडत आहोत.' दोन शब्द एकमेकांवर आदळले आणि आईचा एक क्षण उशिरा संपला.

नंतर विचारलं तेव्हा म्हणाली, "सोडले आहे म्हणायला ते एकदाच होऊन जावं लागतं. मला रोज सोडावं लागतं. कधी कधी दुपारी सुटलेलं संध्याकाळी परत धरून बसलेलं असतं. देवापुढं खोटं कशाला बोलू?"

त्या ईस्टरला तिने प्रभूभोजन घेतलं. अण्णाकाका आमच्या घरी जेवायला आले ते त्याच्याही पुढच्या वर्षी. फार काही बोलले नाहीत. पाटल्यांचा विषय पुन्हा कुणी काढला नाही, आणि अण्णाकाकांची आणि आईची गट्टी जमली असंही काही झालं नाही. बांधावर भेटले की दोन शब्द, पाण्याचे, उसाचे. सलाम मात्र पुरा व्हायला लागला, हात कपाळापर्यंत.

माझ्या स्वतःच्या घरात, इथे पिंपरीत, मी आईचा धडा अर्धाच उचललाय. नवरा कंपनीत पाळीवर. बायबलमधल्या इफिसकरांस पत्रात प्रेषित पौल सांगतो की तुम्ही रागात असताना सूर्य मावळू नये. पौलाला दुसरी पाळी माहीत नसावी. आमच्याकडे माणसं घरी येतात तेच सूर्य मावळून पाच तास झाल्यावर, दमलेली, भुकेली, आणि त्या वेळी मिटवायला घेतलेलं भांडण हमखास वाढतं. लग्नानंतर पहिली तीन-चार वर्षं आम्ही वचन पाळायचं म्हणून रात्री एक-एक वाजेपर्यंत भांडलो. मग एकदा तोच म्हणाला, आकडा आज लिहून ठेवू, बोलू उद्या. तेव्हापासून फ्रिजच्या दारावर कागद असतो. 'शनिवारी माझ्या माहेरच्यांसमोर बोललास ते.' 'आईंच्या औषधाचे पैसे, न विचारता.' सकाळी चहाबरोबर त्यावर बोलायचं, आणि मग तो कागद फाडायचा. काही कागद तीन-तीन दिवस राहतात. एक तर महिनाभर होता, पाहुणे आले की आम्ही त्यावर लाइट बिल लावायचो.

मुलगी दहा वर्षांची आहे. आईशी रोज फोनवर बोलते, व्हिडिओ लावून, आणि पुष्कळदा तिकडची उपासना चालू असतानाच फोन लागतो, मग तीही इकडून प्रार्थना म्हणते. मागच्या महिन्यात संडे स्कूलमध्ये पाठांतराची स्पर्धा होती. ती बक्षिसाशिवाय घरी आली, तोंड पाडून. बाईंनी अर्धा गुण कापला होता. तिने म्हटलं होतं, 'सोडत आहोत.'

"पण आजी तसंच म्हणते," ती मला म्हणाली. "बाई म्हणाल्या, पुस्तकात तसं नाही. मग आजीचं चुकतं का?"

मी लसूण सोलत होते. निम्म्या पाकळ्या तिच्यापुढे सरकवल्या आणि म्हटलं, रात्री फोन कर आणि आजीलाच विचार.